ओठ फाटलेला मासा

पूर्वेला फटफटायला लागलं की शहाडच्या सहदेवच्या परसात पाय ठेवायला जागा उरत नसे. माणसं केळीच्या आळ्यांत उभी राहत, गोठ्याच्या कुडाला लटकत. कल्याणच्या बाजारपेठेतले लोक कंदील घेऊन चालत येत, टिटवाळ्याकडचे बैलगाड्यांनी. ठाण्याचे काही जण आदल्या संध्याकाळच्या आगगाडीने कल्याणला उतरून ओळखीच्यांकडे पथारी टाकत. सगळ्यांच्या नजरा एकाच जागी खिळलेल्या: पंधरा हात लांब, दहा हात रुंद, छातीएवढं खोल असं एक हिरव्या पाण्याचं तळं.

तळ्याच्या काठावर मृगाजिन अंथरून मच्छिंद्रबुवा बसत. चांगलं उजाडायच्या आधी ते शंख फुंकत. आणि खरोखरच, शंखाचा आवाज विरतो न विरतो तोच पाणी शहारल्यासारखं होई. एक तोंड वर येई, मग दहा, मग शंभर. बोटभर, वीतभर मासे पाण्याच्या कडेशी तोंडं काढून ओठ उघडत, मिटत, उघडत.

"पाहा, पाहा!" बुवा ओरडत. "मुक्या जिवांच्या मुखी नाम! ज्यांना जीभ नाही ते बोलतात, आणि ज्यांना हातभर जीभ आहे ते दूध आणायला विसरतात!"

लोक हसत आणि तांबे रिकामे करत. दूध, तांदूळ, लाह्या, नारळाचं पाणी, सगळं तळ्यात जाई.

शेवटी तळ्याच्या मधोमध हातभर लांबीचा एक मासा वर येई. त्याचा वरचा ओठ डाव्या बाजूला फाटलेला होता. तो दिसला की गर्दी गप्प होई, कारण काठावर पाण्याला टेकून बसलेली हौसाबाई पुढे वाकलेली असे.

"आला," ती म्हणे. "माझा राघो आला. आय म्हनतोय बगा. आय, आय म्हनतोय."

तिचा नवरा सहदेव गोठ्याच्या खांबाला टेकून हे रोज बघत होता.

राघो त्यांचा एकुलता एक मुलगा. अठराशे सत्त्याऐंशीच्या श्रावणात उल्हास नदीला पूर आला आणि होडी सोडवायला गेलेला राघो परत आला नाही. चार दिवस सगळा कोळीवाडा खाडीपर्यंत शोधत फिरला. देह मिळाला नाही. हौसाबाईने अंथरूण धरलं. तांदळाची पेज ओठाला लावली तर तीही गालावरून ओघळून जाई.

भाद्रपद संपता संपता मच्छिंद्रबुवा गावात आले. ते पहिल्या दिवशी सहदेवकडे आलेच नाहीत. शेजारच्या गंगुबाईकडे जेवले, चार घरी गप्पा केल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ते परसात उभे राहिले, बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले आणि मग डोळे मिटून म्हणाले, "माते, तुझ्या मुलाच्या वरच्या ओठावर खूण होती?"

लहानपणी उखळावर पडून राघोचा ओठ फाटला होता. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण शोकात बुडालेल्या बाईला गावाला काय माहीत आहे ते कुठून आठवणार? ती धावत काठावर गेली. वर आलेल्या मोठ्या माशाचा ओठ तसाच फाटलेला होता. त्या दिवशी तिने अर्धी भाकर खाल्ली, चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

त्या माशाच्या ओठाबद्दल सहदेवला एक गोष्ट ठाऊक होती. ती त्याने त्याच भाकरीबरोबर गिळून टाकली.

तळं मुळात राघोचं. बापाचे गुडघे गेले होते आणि पावसाळ्यात नदीत जाणं झेपत नव्हतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी राघोनेच हे काढलं होतं. "बाबा, नदी परसात आनू." पदरचं काही घालायचं नव्हतं, कारण घालायला नव्हतंच. बापलेकांनी हिवाळाभर खणलं. निघालेली माती घराच्या जोत्याला आणि भाजीच्या वाफ्यांना गेली. पहिल्यांदा भरलेलं पाणी तीन दिवसांत जमिनीत जिरलं. मग राघोने भातखाचरातली चिकणमाती पाट्या भरभरून आणली, तिच्यात चिरलेला पेंढा कालवला, तळाला पसरली आणि शेजाऱ्याची म्हैस एका दिवसाकरता मागून आणून तिच्याकडून तुडवून घेतली. म्हैस दुपारी चिखलातच बसली तेव्हा त्यालाही तिच्याशेजारी बसावं लागलं. मासे तर फुकटच होते. पाऊस सरला की खाचरांच्या डबक्यांत अडकून पिल्लं मरतात. ती त्याने मडक्यांनी गोळा केली. आणि ओहोळापासून तळ्यापर्यंत एक हातभर रुंदीचा पाट काढला. त्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांची जाळी लावली, पलीकडे जादा पाण्याला वाट केली. रोज सकाळ-संध्याकाळ तो पाट उघडायचा.

राघो गेल्यावर पाटाकडे कोणी बघितलं नाही, आणि बुवा आल्यावर त्याच्या तोंडावर मातीचा बांध पडला.

दिवाळीच्या आधी कल्याणच्या शाळेतले विश्राम मास्तर आले. सकाळच्या वेळी वर्ग रिकामे पडू लागले होते, म्हणून पोरं जातात तरी कुठे ते बघायला. ते पहाटे आले, गर्दीत उभे राहून सगळं पाहून गेले. त्याच दिवशी दुपारी पुन्हा आले. संध्याकाळीही आले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दुपारी सहदेव एकटा परसात मासे धरायचं जाळं विणत होता. मास्तर त्याच्याशेजारी उकिडवे बसले.

"सहदेवदादा, दुपारी मासे वर का येत नाहीत?"

"बुवा म्हनतात, दुपारी आत्मे इसावा घेतात."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी समाधी."

"वेळेचे फार पक्के आत्मे आहेत. आमच्या पोरांनी शिकावं." मास्तरांनी पाटाकडे बोट केलं. "हा कोणी बुजवला?"

"बुवांनी. भायेरचं पानी शिरलं तर राघोचा आत्मा व्हाऊन जाईल म्हनाले."

"आधी कोण उघडायचं?"

"राघो." सहदेवचा हात थांबला. "तो म्हनायचा, बाबा, शिळं पानी माशाला चढतं."

"तुमचा मुलगा मच्छिंद्रबुवांपेक्षा शहाणा होता," मास्तर हळू म्हणाले. "ऐका. मासाही श्वास घेतो. पाण्यात प्राणवायू मिसळलेला असतो, तो घेतो. एवढ्याशा तळ्यात एवढे मासे, त्यात रोजचं दूध आणि तांदूळ. ते कुजतं, आणि कुजताना हा वायू खाऊन टाकतं. दिवसा उन्हात हे हिरवं शेवाळ थोडा वायू परत देतं. रात्री देत नाही. पहाटेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. घरात धूर कोंडला की आपण दाराच्या फटीला नाक लावतो ना, तसे ते वर येतात. शंख फुंका नाहीतर ढोल वाजवा, ते येणारच. आणि ताजं पाणी आलं की ते वर येणार नाहीत, हे तुमच्या बुवांना पक्कं माहीत आहे. नाहीतर त्यांनी पाट बुजवला नसता."

सहदेवला हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं. सारा जन्म माशांत गेला होता. मडक्यात मासे जास्त झाले की तोंडं वर काढतात, हे त्याने हजारदा पाहिलं होतं.

"उद्या लोकांसमोर दाखवावं म्हणतो. तुमची परवानगी हवी."

"ती मरंल, मास्तर. तो मासा दिसतो म्हनून जेवते ती."

"आज सकाळी किती मासे मेले?"

"सतरा."

"बुवा काय म्हणाले?"

"मुक्त झाले."

"मोठा मासा आठ दिवसांत मुक्त होईल. तिचा मुलगा तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांदा मरेल. त्या दिवशी तुम्ही तिला काय सांगणार आहात?"

 दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवरून पाण्याची घागर त्याने स्वतः आणली.

मास्तरांनी काठावर दोन मातीच्या कुंड्या ठेवल्या. एकीत तळ्याचं पाणी, दुसरीत नदीचं. लोकांदेखत दोन्हींत तळ्यातले तीन-तीन बोटभर मासे सोडले. "बुवा, कृपा करून शंख थांबवा थोडा."

शंख नव्हता, तरी तळ्याच्या पाण्याच्या कुंडीतले मासे वर येऊन ओठ उघडू लागले. नदीच्या पाण्यातले आधी वर राहिले, मग एकेक करून खाली गेले आणि फिरू लागले.

"आता फुंका. ह्या दुसऱ्या कुंडीवर."

बुवांनी गाल फुगवून शंख फुंकला. मासे तळाशी फिरत राहिले. बुवांनी पुन्हा फुंकला, डोळे बाहेर येईतो. एक मासा तर आणखी खाली, अगदी बुडाशी गेला.

"ह्यांना ऐकू येत न्हाई वाटतं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

मास्तरांनी गुदमरणारे मासे उचलून नदीच्या पाण्यात टाकले. थोड्या वेळाने तेही खाली गेले.

"नदीचं पाणी अपवित्र आहे!" बुवा गरजले. "तिथे नाम चालत नाही!"

"अवो बुवा," गंगुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उल्हासमाय अपवित्र? मग सकाळी तिच्यातच दोनदा बुचकाळत होता ते कोन, तुमचा भाऊ?"

हशा पिकला. पण बुवा कच्चे नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "ठीक आहे. हे पाण्याचं गणित मास्तरांनी सोडवलं. पण ओठाचं? आईने ज्याला ओळखलं, त्या लेकराचं? मास्तर, आईचं काळीज तुमच्या फळ्यावर मांडता येईल?"

गर्दी लगेच उलटली. दोन बायका डोळे पुसू लागल्या. हौसाबाई वळून न बघता म्हणाली, "मास्तर, तुमी जा हितनं."

 ह्याचं उत्तर एका माणसाकडेच होतं.

"राघोची आय," सहदेव गोठ्याच्या खांबाजवळून म्हणाला. मग चालत काठापर्यंत आला. "तो ओठ माझ्या गळानं फाटलाय."

ती हलली नाही.

"गेल्या माघात. नदीवर गळ टाकलेला. मासा आला, गळ काढताना ओठ फाटला. मी टोपलीत टाकत होतो. राघो म्हनाला, बाबा, ह्याला तळ्यात सोडू, वाढंल. त्यानंच सोडला, दोन्ही हातांनी. राघो जिता व्हता तवा हा मासा ह्याच पान्यात व्हता गं. राघो त्याला कोंडा टाकायचा. मंग हा राघो कसा?"

हौसाबाई त्याच्याकडे वळली.

"मंग तवा का नाय बोललात?"

"तू भाकर खाल्लीस," सहदेव म्हणाला. "म्हनून."

हौसाबाईने पाण्याकडे पाहिलं. मोठा मासा मधोमध वर आला होता. फाटका ओठ उघडत होता, मिटत होता.

"मास्तर, हा गुदमरतोय?"

"हो, बाई."

"राघो पन..." ती पाण्याकडे वाकली.  "पान्यात राघो पन असाच वर तोंड काढत असंल. आन मी इतके दिस रोज हे बगून हसत व्हते."

 ती उठली, गर्दी बाजूला झाली. पाटाच्या तोंडाशी जाऊन ती गुडघ्यांवर बसली आणि नखांनी बांध उकरू लागली. माती वाळून दगड झाली होती. सहदेव फावडं घेऊन आला तर तिने त्याला हाताने मागे सारलं. बोटांतून रक्त आलं तेव्हा बांध फुटला आणि ओहोळाचं पाणी कामट्यांच्या जाळीतून तळ्यात शिरलं.

तोवर बुवा निघून गेले होते. घाईत मृगाजिन राहिलं. गंगुबाईने ते उलटून पाहिलं. बकऱ्याचं कातडं होतं, वर ठिपके रंगवलेले.

लोक पांगू लागले तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "चमत्कार पहाटे दिसला तर दुपारी येऊन पुन्हा बघा. जो एखादी गोष्ट बंद करायला सांगतो, त्याला का म्हणून विचारा. ज्याच्या घरी दुःख आहे त्याला विचारायचं सुचणार नाही. म्हणून शेजाऱ्यांनी विचारायचं असतं. आणि ज्याला खरं ठाऊक आहे त्याने गप्प बसायचं नसतं." शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी मुद्दाम सहदेवकडे पाहिलं नाही. सहदेवने ते ऐकलं.

तीन दिवस पाट चालू राहिला. आणखी अकरा मासे मेले, मग मरायचे थांबले. चौथ्या पहाटे परसात कोणी नव्हतं. सहदेव जागा झाला तेव्हा अंथरूण रिकामं होतं. हौसाबाई काठावर बसली होती. चांगलं उजाडलं. पाणी तसंच, सपाट. एकदा खोल तळाशी काहीतरी हातभर लांबीचं वळलं आणि दिसेनासं झालं.

"आज कोन वर नाय आला," ती म्हणाली.

"नाय."

"मंजी बरे हायेत."

"बरे हायेत."

तिने मान हलवली. मग पदर तोंडात कोंबला आणि श्रावणानंतर पहिल्यांदा राघोसाठी रडली. सहदेव शेजारी बसून राहिला. ऊन तळ्यावर आलं तेव्हा तो उठला आणि संध्याकाळसाठी पाटाची जाळी साफ करायला लागला, राघो करायचा तशी.