झाकणाच्या फटीतलं ऊन

मित्रांनो, मी एक जुना वर्णमापक आहे, इस्पितळाच्या तपासणीच्या खोलीत बसणारा. माझ्या पोटात एका बाजूला दिवा आहे आणि दुसऱ्या बाजूला डोळा. मधल्या खाचेत नळी ठेवायची, वर झाकण लावायचं. नळीतला रंग दिव्याचा जितका उजेड अडवेल, तितका मोठा आकडा मी दाखवतो. काम एवढंच, पण काय सांगू, त्या रंगांची मला स्वप्नं पडायची.

नवा होतो तेव्हा कोण कौतुक माझं! पुढे नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात गेलो. झाकणाची बिजागरी सैल झाली, कडेला फट पडली. तपासणीवाल्या ताई मात्र मला विसरल्या नाहीत. नवं यंत्र रुसलं की त्या मलाच पुसूनबिसून कामाला लावत. अशाच एका सकाळी त्यांनी मला उचलून खिडकीपाशी ठेवलं. म्हाताऱ्याने जरा ऊन खावं, म्हणाल्या. ऊन फटीतून आत आलं, माझ्या डोळ्यावर पसरलं आणि मी अगदी सुखावून गेलो.

तेवढ्यात एका तान्ह्या बाळाचं रक्त आलं. त्याला कावीळ होती. ती मेंदूत गेली तर जन्माचं नुकसान. आकडा मोठा आला तर बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायचं, लहान आला तर घरी सोडायचं. मी लहान दाखवला. अहो, आपला उजेड कुठला आणि उपरा कुठला, हे माझ्या डोळ्याला कळतच नाही! उन्हाचा उजेडही मी दिव्याचाच धरला आणि रंग फिका समजलो.

ताईंनी दारातल्या आईला सांगितलं, घरी न्यायला हरकत नाही. आई हललीच नाही.

"ताई, याचे डोळे बघा ना. काल एवढे पिवळे नव्हते हो."

ताई आकडा पुन्हा वाचायला वाकल्या. त्यांची सावली माझ्यावर पडली आणि आकडा सरसर चढला. त्या सरळ झाल्या, तो उतरला. त्यांची नजर फटीतल्या उन्हावर गेली. त्यांनी ओढणी काढून माझ्यावर टाकली आणि खरा आकडा पाहिला.

"बाळाला नेऊ नका," त्या आईला म्हणाल्या. "माझी माया नडली."

बाळाला लगेच दिव्याखाली ठेवलं. मी नवी बिजागरी घेऊन परत अंधाऱ्या कोपऱ्यात आलो. उन्हाची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, जुन्या यंत्रावर माया करायची तर आधी त्याचं झाकण घट्ट करा.

परवा ती आई बाळाला दाखवायला घेऊन आली होती. ते खिडकीतल्या उन्हाकडे टकामका बघत होतं. म्हटलं, बाळा, ते ऊन तुलाच लखलाभ.