कर्ण्यावरचं नाव

हिरामणच्या तोंडून "तुमी इस्वास नाय ठेवनार, पन..." एवढं निघालं की बदलापूर गावातली शहाणी माणसं आपापल्या चपला शोधायला लागत. उल्हास नदीच्या पुरात हा म्हणे मगरीवर बसून म्हैस पल्याड नेत होता. मगर मध्येच दमली, म्हणून तिलाही म्हशीवर घेतली. असल्या माणसाच्या घरात खरी गोष्ट शिरली, तेव्हा मात्र त्याला शब्द सुचेना.

त्या सकाळी वालाच्या पानांवरचं दंव अजून वाळलं नव्हतं. भात निघालेल्या तुकड्यात वाल धरला होता, आणि पलीकडे हेंद्रेपाड्याच्या इमारती बांधावर पाय ठेवायला टपल्यासारख्या उभ्या होत्या. पोटुशी सून स्वप्नाली शेंगा खुडत होती. तहान लागली म्हणून तिनं कळशीला हात घातला, तशी सासू विठा विळा घेऊनच धावली.

"ठेव खाली! तुजा तांब्या येगला ठेवलाय ना? अंगात गरमी घेऊन माज्या कलशीत हात घालतंस?"

"पाण्यातनं नाय लागत ते. नर्सबाईंनी सांगितलंय."

"त्या नर्सबाईच्या सुईनंच घरात इघ्न आनलं! आमी नाय पोरं काढली? आमचं रगत कुनी बगितलं नाय."

"बघितलं असतं तर तुमची दोन पोरं पाळण्यात का गेली, ते तरी कळलं असतं."

विठानं शेंगांची टोपली लाथेनं उडवली. हिरामण खाली बसून निमूट शेंगा वेचू लागला. गेलेली पोरं त्याचीही होती.

झालं होतं असं. सरकारी दवाखान्यात पोटुशीचं रक्त पहिल्याच खेपेला तपासतात. स्वप्नालीच्या रक्तात सिफिलिस निघाला; गाव त्याला गरमी म्हणतं. नर्स यशोधराबाईंनी बजावून सांगितलं, की सुया घेतल्या तर बाळ धड राहील. पण नवऱ्यानंही तपासून घ्यावं, सुया घ्याव्या. नाहीतर त्याच्याकडून हिला पुन्हा लागेल, आणि बाळ पोटातच दगावेल नाहीतर जन्मताच आजारी निघेल. स्वप्नालीनं सुया घेतल्या. तिचा नवरा अभिजीत अंबरनाथच्या कारखान्यांचा माल टेम्पोतून लांबलांबच्या गावांना पोचवायचा. तो दवाखान्याचं नाव काढलं की गाडी सुरू करायचा. गावानं आपला निकाल लावला होता: रक्त जिचं तपासलं, रोग तिचा. पुरुषाचं तपासलंच नव्हतं, म्हणजे तो साफ.

"सातव्यात ओटी भरून माहेरी धाडायची," विठा म्हणाली, "आनि परत आनायची नाय."

त्या दिवसापासून स्वप्नालीनं खोलीला आतून कडी घातली. अभिजीतनं दारावर लाथा मारल्या.

"खोल! घर माझं आहे!"

"पोर पण तुझंच आहे. सुई घे, मग ये. तोवर पडवीत झोप."

"लोक काय बोलतील? मेरी इज्जत का क्या?"

"इज्जत घाल टेम्पोत आणि फिर घेऊन!"

दुसऱ्या दिवशी अभिजीत अंगणात टेम्पो धूत होता. हिरामण जवळ गेला, बिडी पेटवली आणि हळूच म्हणाला, "तू इस्वास नाय ठेवनार, अभ्या."

"मग सांगू नका."

"डोंगरापल्याडच्या गावात सरकारनं रिक्षा काढलीय. वर कर्णा. जो नवरा सुईला येत नाय, त्याचं नाव पुकारतात. बापाच्या नावासकट, आडनावासकट. परवा एका वरातीत नाव पुकारलं, तर घोडा नवऱ्याला खाली टाकून उभ्या शेतातून पलाला."

"फेकू नका बाबा."

"नको ठेवू इस्वास. रिक्षा अंबरनाथला हवा भरायला थांबलीय, ह्या डोल्यांनी बगितली. आदी तुजा कारखान्याचा गेट घेनार, मंग गाव."

अभिजीतच्या हातातलं फडकं एकाच काचेवर फिरत राहिलं.

दवाखान्यात तो तोंडाला रुमाल बांधून गेला, बरोबर स्वप्नाली आणि हिरामण. सुनेचं पितळ उघडं पडेल या आशेनं विठा आपण होऊन मागे आली. हिरामण बाहेर व्हरांड्यात बसला. यशोधराबाईंनी दार लावलं. "आईंनी बाहेर थांबावं का?" विचारलं, तर अभिजीत म्हणाला, "राहू दे. तिलाच ऐकायचंय." बाईंनी त्याच्या बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब टाकला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "यांच्याही रक्तात आहे."

"हिनंच दिला माज्या पोराला!" विठा कडाडली.

"कुणी कुणाला दिला, ते रक्त सांगत नाही, मावशी. भांडत बसाल तर नातवंड जाईल. बोला, काय पाहिजे?"

विठा कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसली. स्वप्नाली तिच्याकडे बघत होती. नजर काही मऊ नव्हती. पडद्यामागे अभिजीतला दोन्हीकडे सुया बसल्या, आणि त्याचं "आई गं" रांगेतल्या बायांनाही ऐकू गेलं.

लंगडत पडद्याबाहेर येऊन तो नर्सबाईंना हळूच म्हणाला, "मॅडम, झालं ना? आता माझं नाव कर्ण्यावरनं काढा."

"कसला कर्णा?"

"तो रिक्षावरचा. नावं पुकारतात तो."

"अहो, इथलं नाव या दाराबाहेर जात नाही. आम्ही कशाला पुकारू? कुणी सांगितलं तुम्हाला?"

दाराबाहेर हिरामण पोटुश्या बायांच्या रांगेशेजारी बसून, जणू पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा, पंखा न्याहाळत होता. अभिजीतनं एका हातानं पँट धरली, दुसऱ्यानं दार उघडलं, आणि अख्ख्या रांगेदेखत ओरडला, "बाबा! कर्णा नाय, रिक्षा नाय, सगळं खोटं! आणि मी गरमीच्या सुया घेऊन बसलो ना!"