हजेरी पाच, तोंडी पंधरा

हजेरी – ५ गुण

रोह्याच्या त्या कॉलेजात अनिता मॅडम हजेरी घेताना मान वर करत नसत. नंबर पुकारायचा, आवाज ऐकायचा, टिक करायची. तिसऱ्या वर्षाच्या अर्थशास्त्राच्या वर्गात आवाज आला म्हणजे माणूस आला.

यावरच आदर्शचं सत्र चाललं होतं. तो पेणचा. पावसाळा लागला की गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला बसायचा, आणि सीझनमध्ये ब्रश टाकून रोह्याची गाडी पकडणं कुणाला जमत नाही. म्हणून त्याच्या नंबराला प्रविण ओ द्यायचा. प्रविण रोह्याजवळच्या निडीचा, आदर्शच्या लगेच मागचा नंबर. आधी आदर्शचा घोगरा, आळसावलेला ‘येस मॅम’, मग एक श्वास, मग स्वतःचा.

एकदा आदर्श खरोखरच वर्गात आला आणि त्याने स्वतः ओ दिली. शेजारच्या बाकावरची ऋतुजा कुजबुजली, “तुझ्यापेक्षा प्रविणचा आदर्श बरा हाय.”

चतुर्थी तोंडावर आली असताना मूर्ती पोचवून परतणारा टेम्पो हायवेवर उलटला. आदर्श त्यात होता. तो जागीच गेला.

पुढच्या तासाला मॅडमनी सवयीने त्याचाही नंबर पुकारला. प्रविणच्या मनातसुद्धा नव्हतं, तरी ओ गेली. त्याच्याच तोंडून, घोगरी, आळसावलेली. मॅडमनी टिक केली. कुणी हसलं नाही.

मग प्रविणचा नंबर. त्याने श्वास घेतला. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. मॅडमनी पुन्हा पुकारलं, थोडं थांबल्या आणि त्याला गैरहजर लावून पुढे गेल्या.

त्या दिवसापासून रोज असंच. आदर्शचं नाव यादीतून निघालं, तरी प्रविणचा आवाज परत आला नाही. बोलायला गेला तर आदर्श बोलायचा. घरी त्याने पाणी मागितलं तेव्हा त्याची आई, काशीबाई, तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. “घसा बसलाय का रं? दुसराच कोन बोलतोय असं वाटतंय.” तिने आल्याचा काढा केला. तो प्यायला. मग घरातही बोलणं बंद केलं.

लेखी – २० गुण

बरी गेली. हात त्याचाच होता. अकरा पडले.

एकूण – ४० गुण

पास व्हायला सोळा. हजेरीचे पाच गेल्यातच जमा. म्हणजे तोंडी दिली नाही तर अंतर्गत परीक्षेत नापास, आणि अंतर्गत नापास म्हणजे पदवी लटकली. रोह्याच्या एका कंपनीत ओळखीतून त्याच्यासाठी शब्द टाकला होता, पण तिथे आधी निकाल बघणार होते.

मॅडमना सगळं सांगून टाकावं म्हणून तो एकदा स्टाफरूमच्या दारापर्यंत गेला. पण सांगणार कुणाच्या आवाजात? गेलेल्या मित्राची नक्कल करतो म्हणून हाकललं असतं. तो परत फिरला.

तोंडी – १५ गुण

एकेकाला आत बोलावत होते. बाहेर ऋतुजा वाचल्यासारखं करत भिंतीला टेकली होती. आत रिकामे बाक, पुढे टेबल, टेबलामागे मॅडम, मान खाली. त्यांनी नंबर वाचला आणि समोरच्या खुर्चीकडे पेनाने खूण केली. प्रविण बसला. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. नापास झालो तरी चालेल, पण इथे आदर्शला बोलू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

“किंमत उतरली तरी मागणी वाढत नाही, असं उदाहरण सांग. पुस्तकातलं नको.”

वरचा पंखा फिरत होता.

“मॅम, गणपतीची मूर्ती.”

आवाज मागून आला. शेवटच्या बाकावरून. आणि तो प्रविणचा होता; निडीचा, थोडा घाईचा, कित्येक दिवसांत त्याने न ऐकलेला स्वतःचा आवाज.

“चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी फुकट दिली तरी कोन नेत नाय. मग उरलेल्या तशाच कारखान्यात ठेवायच्या. वरून कापड टाकायचं.”

“कापड का? धूळ बसते म्हणून?”

“नाय मॅम. डोळे रंगवून झालेले असतात ना. बघत बसतात.”

मॅडमचं पेन थांबलं. मान मात्र वर झाली नाही. त्यांनी चौदाचा आकडा टाकला. सत्रभर असं बोलला असतास तर हजेरीचेही मिळाले असते, असं काहीसं पुटपुटल्या आणि पुढच्याला पाठव म्हणाल्या.

“थँक्यू मॅम,” तेही मागूनच आलं.

प्रविण उठला. मागे वळून बघायचं त्याचं धाडस झालं नाही. दारापर्यंतची वाट त्याने जमिनीकडे बघत कापली.

बाहेर ऋतुजाने त्याला अडवलं. बरेच दिवस तो कुणाशी बोलला नव्हता, म्हणून तिने जरा हळूच विचारलं, “कशी झाली रे तोंडी?”

त्याने नुसती मान हलवून भागवायला बघितलं. मग घोगऱ्या, आळसावलेल्या आवाजात उत्तर आलं.

“चांगली झाली गो, प्रविणची.”