खालच्या फळीवरचं पुस्तक

माझ्या वाचनालयात दाराशीच एक मांडणी होती. वरच्या फळीवर लोकांची सगळ्यात आवडती युद्धाची पुस्तकं, खालच्या फळीवर सगळ्यात नावडती. ज्यानं त्यानं स्वतः आणून ठेवायची आणि का ते चारचौघांत सांगायचं, एवढाच नियम. माणसं हमरीतुमरीवर यायची. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

आमच्या भावोजींचं, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचं, आवडतं पुस्तक एका नर्सनं लिहिलेलं. त्यात कोणी जिंकत नाही, बाई नुसत्या जखमा धूत राहते. आणि नावडतं कुठलं, तर एका मेजरचं. जाडजूड, सोनेरी अक्षरांचं. मागच्या लढाईत आपण नदीवरचा पूल कसा जिंकला, याची पानोपान फुशारकी. भावोजी त्याच्याच तुकडीत होते. पुस्तक खालच्या फळीवर आपटून म्हणाले होते, "वहिनी, यातलं एक पान खरं निघालं तर मिशा उतरवीन."

आता त्याच मेजरच्या ताब्यात आमचं शहर आलं होतं. आणि कुणीतरी मेल्यानं चोंबडेपणा करून खालच्या फळीची गोष्ट त्याच्या कानावर घातली.

सकाळी दारात जीप थांबली तशी मी भावोजींना दंडाला धरून मागच्या पुस्तकबांधणीच्या खोलीत ढकललं. "मी मेले तरी बाहेर यायचं नाही," म्हटलं आणि दार ओढून घेतलं. नवरा गेल्यापासून माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

मेजर सरळ मांडणीपाशी गेला. स्वतःचं पुस्तक उचलून बाहीनं पुसलं.

"कोणी ठेवलं हे इथं?"

"मी."

त्यानं मान हलवली. त्याच्या दोघा शिपायांनी माझा हात टेबलावर दाबून धरला आणि तिसऱ्यानं बंदुकीचा दस्ता बोटांवर हाणला. आई गं! हाडं मोडल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला.

"कोणी ठेवलं?"

"मीच. रटाळ आहे."

एक शिपाई फिस्सकन हसला. मेजरनं त्याला अशी थोबाडीत दिली की तो कपाटावर आदळला, काच फुटली. मग पुस्तक माझ्या अंगावर फेकून म्हणाला, "वाच. मोठ्यानं. पुलाचं प्रकरण. माझ्या पोरांना कळू दे किती रटाळ आहे ते."

मी वाचायला लागले. पहाटेचा तांबडा प्रकाश काय, बँड काय, फुलं घेऊन धावत आलेली गावकरी मंडळी काय! वाचून टाकावं, यांनी चालतं व्हावं, भावोजी जगावेत. दुसरं काही नको होतं मला.

पान उलटलं. "आमच्या स्वयंपाक्यानं ऐन वेळी भेकडपणा केला आणि तो शत्रूकडे पळाला."

आतल्या खोलीत खुर्ची सरकली. मी आवाज चढवला. भावोजी पुस्तकं बांधायला बसले की मी त्यांना वाचून दाखवायची. खोटं काही आलं की त्यांनी मला मध्येच अडवलंच म्हणून समजा. माझ्या नवऱ्याच्या मयतीत हा माणूस चकार शब्द बोलला नव्हता, पण खोट्या पानाला गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नाही.

दार उघडलं. भावोजी बाहेर आले, बोटांना खळ तशीच.

"पळाला नाही तो," ते मेजरशी नाही, शिपायांशी बोलत होते. "पुलावर लहान मुलं होती. साहेब म्हणाले, झाडा गोळ्या. स्वयंपाकी आडवा आला, तर साहेबांनी त्याच्या..."

मेजरनं गोळी झाडली. मानेत लागली. भावोजी मांडणीसकट कोसळले. मी धावले, पदर दाबून धरला, पण रक्त माझ्या बोटांतून बदाबदा येत होतं. त्यांचे ओठ हलले, नुसते बुडबुडे आले, आणि संपलं. मला रडू नाही आलं, संताप आला. त्यांचाच! अहो, एक पान ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?

"पुढे वाच," मेजर म्हणाला.

हातातून पडलेल्या पुस्तकाचं पान रक्तानं भिजून काळं झालं होतं. एक अक्षर दिसत नव्हतं. पण ती सकाळ भावोजींनी मला इतक्यांदा सांगितली होती की मला तोंडपाठ होती.

"साहेबांनी स्वयंपाक्याच्या पाठीत गोळी घातली," मी वाचलं. मघाच्याच सुरात. "तो पडल्यावर मुलांवर गोळ्या झाडल्या. पाण्याला ओढ होती, तरी ते लाल झालं. बँड नव्हता. फुलं नव्हती."

शिपायांना आधी वाटलं, पुस्तकात तसंच लिहिलंय. मेजरला उमगायला क्षणभर लागला. मग बुटाची लाथ माझ्या जबड्यावर बसली, दात जिभेवर आले.

"उडवा हिला!"

कोणी हललं नाही. तो पुन्हा ओरडला आणि स्वतःच माझ्यावर पिस्तूल रोखलं. तेवढ्यात त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क शिपायानं मेजरच्या छातीला बंदूक लावली.

"थांबा साहेब," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघताच, "बाई, ती मुलं केवढी होती?"

मी तोंडातलं रक्त थुंकले आणि सांगायला लागले.