घाटाखालचा गहू

आपल्या कोकणात पाहुण्याला आग्रह करकरून जेवू घालतात, पण घाटावरची सून घरात आली की तिची घाटीण व्हायला एक दिवस पुरतो! तोंडवलीच्या नानांच्या घरी हेच झालं. त्यांच्या सुशांतने कराडच्या आकांक्षाशी लग्न केलं. ती बांगडे साफ करायला शिकली, सोलकढी सासूच्या तोडीची करू लागली, तरी नाना चारचौघांत तिला "आमची घाटीण" असंच म्हणायचे.

२००४ सालची गोष्ट. आदल्या वर्षी भात कापल्यावर नानांनी विहिरीकाठच्या पाच गुंठ्यांत हौसेने गहू पेरला होता. भाताच्या एका रोपाला फुटवे भरपूर येतात, म्हणून गहूही त्यांनी तसाच विरळ पेरला! शेत टकलासारखं दिसलं. शेजारचा बाबली वर्षभर हसला. यंदा बी आणताना नाना म्हणाले, "ह्या खेपेक नाय इलो, तर गव्हाचा नाव काढूचंय नाय."

आकांक्षाचा जीव कळवळला. माहेरचं म्हणावं असं त्या गावात गव्हाचं हे शेत एवढंच तर होतं.

"नाना, बी किती घालायचं ते मी सांगू?"

"घाटावरल्यांनी आमका शेती शिकवची नाय!"

सासूबाई यशोदाबाई चुलीपासून बाहेर आल्या. "अवो, तुमी भात जाणतास, ता गहू जाणता. इचारलास तर मिशी गळान पडतली काय?"

आकांक्षाने ओल्या फडक्यात ठेवलेले शंभर दाणे उलगडून दाखवले. ऐंशी रुजले होते.

"म्हणजे पाच किलो लागत असेल तिथे सव्वासहा घ्यायचं. पण पाच किलो हा आमच्या कराडचा हिशोब, तो इथे पुरायचा नाही. गेल्या वर्षी एकेका रोपाला फुटवे किती आले? ते तुम्हालाच ठाऊक."

नानांनी चमकून पाहिलं. वर्षभर सगळे हसले होते, पण विचारलं कोणीच नव्हतं!

"एक. नायतर दोन."

"आमच्याकडे थंडीत चार-पाच येतात. इथल्या उष्म्यात गव्हाला फुटवे फारसे येत नाहीत. मग फुटव्यांची जागा रोपांनी भरायची. बी वाढवायचं."

"मगे आठ किलो घालूया," नाना म्हणाले. "आणि ओळीन पेरूया, मुठीन फेकूचा नाय."

मार्चमध्ये शेत भरून आलं. कराडइतकं नाही, पण नानांना मिरवण्यापुरतं नक्की! बाबली बांधावर येऊन म्हणाला, "नानानू, बियाणा कितक्या घातलास?"

"आमच्या सुनेक इचार."

"त्या घाटणीक?"

नानांचा आवाज चढला. "आकांक्षा म्हणतत तेका! नावान हाक मार, मगेच हिशोब मिळात."

बाबलीने निमूटपणे हाक मारली, "आकांक्षा गो!"

गहू कापून, दळून आणला त्या दिवशी घरच्या गव्हाच्या चपात्या आणि बांगड्याचं तिखलं असा बेत होता. पहिली चपाती नानांनी स्वतः सुनेच्या ताटात वाढली. तिचे डोळे भरून आले.

वाचकहो, बी परक्या मातीत रुजवायचं तर आपला हिशोब थोडा बदलावा लागतो, आणि दुसऱ्याला विचारायलाही लागतं. माणसं त्याहून वेगळी नसतात. तेव्हा तुमच्या घरी कुणी घाटीण असेल, तर आज तिला नावाने हाक मारा.