दोन माणसांपुरती ताडपत्री

"झोप झाली का छान?" मिकामी-सानांनी विचारलं.

सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी काखेत कोरी निळी ताडपत्री मारून खंदकाच्या काठाने धापा टाकत येत होतो. चेरीच्या फुलांच्या भर शनिवारी हिरोसाकीच्या किल्ल्यात साडेसातला जागा शोधायला जाणं म्हणजे पंगत उठल्यावर पाट मागणं.

"गजर झाला नाही," मी म्हणालो.

"गजर झाला असणार, कासाई. जागा तू झाला नसशील."

त्यांना हे म्हणायचा अधिकार होता. आमची कंपनी सफरचंदांच्या बागांसाठी फवारणीचे पंप विकते, आणि दर वसंतात फुलांखालच्या जेवणासाठी कंपनीची जागा एकतीस वर्षं मिकामी-सानांनी धरली. पहाटे पाचला येऊन ताडपत्री पसरायची आणि मंडळी येईपर्यंत एकट्याने तीवर बसून राहायचं, हे काम खरं तर नव्याने लागलेल्या माणसाचं. मिकामी-सानही तेव्हा नवेच होते. पुढे ते काम इतकं चोख करू लागले, की त्यांना नवंच ठेवणं कंपनीला सोयीचं वाटलं. गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. निरोपाला कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. जुनी ताडपत्री त्यांनी स्वतः मागून घेतली. त्यांचं काम माझ्याकडे आलं, कारण खात्यात वयाने जड आणि कामाने हलका मीच.

आज तीच जुनी ताडपत्री आमच्या नेहमीच्या झाडाखाली होती. पण चार पदरी घडी घालून, सतरंजीएवढीच. कोपऱ्यांवर पाणी भरलेल्या चार बाटल्या. समोर पुठ्ठ्याची पाटी: 'मिकामी. दोन माणसं.'

"दुसरं कोण?"

"ताई. पावणेअकराच्या गाडीने येतेय."

त्यांना ताई आहे हे मला त्या दिवशी कळलं. तिची सफरचंदं मात्र मी वीस वर्षं खात होतो. दर वर्षी मिकामी-सान भाताच्या तुसात ठेवलेल्या सफरचंदांची पेटी आणायचे, फोडींना सालीचे दोन कान ठेवून त्यांचे ससे करायचे, आणि आम्ही ते साकेच्या घोटाबरोबर फस्त करायचो. पेटी कुणाकडची, हे कुणी विचारलं नव्हतं. पेटीला बहीण असते हे सुचायला हवं होतं.

"आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा. ताईनंच वाढवलं," ते म्हणाले. "तासाभराच्या अंतरावर राहते. दर वर्षी विचारायची, मी येऊ का रे फुलं बघायला? मी म्हणायचो, यंदा ऑफिसचं आहे, पुढच्या वर्षी ये. एकतीस वेळा म्हणालो."

"आता येतायत ना?"

"आता तिला हातभर अंतरावरचंच दिसतं. डोळ्यांचा आतला पडदा गेलाय. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी एवढंही नाही." त्यांनी हात वर करून फांदी दाखवली. आमच्या गावात चेरीचीही छाटणी सफरचंदासारखी करतात, त्यामुळे फुलं खाली उतरतात. पण या झाडाची ही फांदी तर बसलेल्या माणसाच्या नाकाशी यायची. "अख्ख्या बागेत अशी एकच आहे. मी सगळ्या बघितल्यात. मला वेळ होता."

मी कंपनीसाठी दुसरी जागा शोधायला निघालो. दोन-अडीच तास हिंडून कचऱ्याच्या पिंपांपलीकडे, कललेल्या उतारावर एक तुकडा मिळाला. तिथून झाड दिसत नव्हतं, पण शौचालयाची रांग नीट दिसत होती. ताडपत्री पसरली तर ती घसरली. आता ओत्सुबोसाहेबांना काय सांगायचं, याचा विचार करत मी परत आलो, तर ओत्सुबोसाहेबच येऊन उभे होते. आमचे विभागप्रमुख. मागे ओदेनचं, म्हणजे उकळत्या रश्शाचं, पातेलं धरलेले दोघे, आणि त्यांच्या मागे तीस माणसं.

मिकामी-सान पुठ्ठा फेकणाऱ्यातले नव्हेत. पाटीच्या मागच्या बाजूला आमच्या कंपनीचं नाव गेल्या वर्षीचं तसंच होतं, आणि साहेब पुलाकडून, म्हणजे मागच्या बाजूने आले होते.

"मिकामी-सान!" साहेबांचा आवाज दाटून आला होता. त्यांचा आवाज दर महिन्याच्या बैठकीतही दाटून येतो, पण या वेळी तो खरा वाटला. "रिटायर होऊनसुद्धा! बघा रे, बघा, याला म्हणतात निष्ठा! आणि मी कासाईला सांगून बसलो होतो!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिकामी-सान उठून वाकले. टाळ्या वाजवणाऱ्या तीस माणसांना 'ही जागा तुमची नाही' असं म्हणणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मलेला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एका श्वासाएवढं. मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याच्या पाठोपाठ कचऱ्याची पिंपं येणार होती, आणि गजर.

"मिकामी-सान म्हणजे मिकामी-सान," मी म्हणालो.

"आणि ताडपत्री अजून उघडली नाहीत होय?" साहेब म्हणाले. "उघडा, उघडा!"

चौघांनी कोपरे धरले. शेजारची सोया-सॉस कंपनीची मंडळी एकतीस वर्षांच्या सवयीने आमच्यापुरती जागा सोडून बसली होती, त्यामुळे कुठेच अडलं नाही. घडी एकेक करून उलगडत गेली, आणि मिकामी-सान मोजे घातलेल्या पायांनी एकेक पाऊल मागे सरकत कडेला, गवतावर गेले. मग त्यांनी बूट घातले.

"मी जरा स्टेशनवर जाऊन येतो."

"लवकर या हं! तुमच्याशिवाय ओदेन बघणार कोण?"

ते आले नाहीत. बाराच्या सुमाराला साहेब गायला उभे राहिले. साहेब गातात तेव्हा कुणाला तरी बर्फ आणायला जावंच लागतं. मी गेलो. पुलापलीकडे सायकलींच्या तळाशेजारी गवतावर वर्तमानपत्र अंथरून ती दोघं बसली होती. ताई बुटकी, ताठ पाठीची, जाड चष्म्याची. मांडीवर गाठोडं. समोर खंदक, पाण्यावर पाकळ्यांची साय, आणि पलीकडे आमचं झाड. मी सायकलींमागेच थांबलो.

"कुठलं रे आपलं?"

"डावीकडून तिसरं."

"मला सगळं मिळून एकच दिसतंय. गुलाबी धुकं. खाली कुणी बसलंय का?"

"कुणी नाही. रिकामं आहे."

"मग गातंय कोण?"

"शेजारचे."

"वाईट गातात," ताई म्हणाली. "रिकामं आहे तर तिथं का नाही रे बसत आपण?"

"खाली बसलं की झाड दिसत नाही, ताई. नुसत्या फांद्या. एकतीस वर्षं बसलोय म्हणून सांगतो. बघायचं तर लांबूनच."

"बरं," ताई म्हणाली. "तू म्हणतोस तर लांबून."

तेवढ्यात माझा धक्का लागून एक सायकल पडली. आता पुढे होऊन वाकणं भागच होतं.

"हे कासाई. ऑफिसातले," मिकामी-सान म्हणाले.

"अगंबाई! तुम्ही लोकांनी याला इतकी वर्षं सांभाळलंत." ती बसल्याबसल्या वाकली, कपाळ वर्तमानपत्राला टेकेपर्यंत.

"चला ना तिकडे," मी म्हणालो. "साहेबांना मी सांगतो. फांदी अगदी खाली आहे, तुम्हाला हातानं..."

"नको, नको. सगळ्यांची पंचाईत होईल," मिकामी-सान म्हणाले.

आमच्याकडे पहिल्या बोलावण्याला 'नको'च म्हणतात, दुसऱ्याला गप्प बसतात, आणि तिसऱ्याला उठतात. हे मला शिकवायला नको. मी एकदाच बोलावलं.

ताईने गाठोडं सोडलं. आत डबा होता, आणि डब्याशेजारी सफरचंदं, वाळत चाललेली, शेवटच्या तुसातली. तिने नजर खंदकाकडेच ठेवून, बोटांनी चाचपत सहा सफरचंदांचे ससे केले. एकाही सशाचा कान तुटला नाही.

"ऑफिसच्या लोकांना द्या. दर वर्षी जातात, यंदा खंड नको. आणि त्या शेजारच्यांनाही द्या," ती म्हणाली. "तोंडात घास असला की माणूस गात नाही."

मिकामी-सान खाली बघत होते.

मी डब्याच्या झाकणात ससे घेऊन पूल ओलांडला. बर्फ विसरलो. "आली, आली मिकामी-सानांची सफरचंदं!" साहेब म्हणाले. "ही नसती तर चुकल्यासारखं झालं असतं बघा." पाच मिनिटांत झाकण रिकामं झालं. ती फांदी साहेबांच्या डोक्यावर येत होती आणि ते मधूनमधून तिला हाताने बाजूला सारत होते. मी पुन्हा पुलावर गेलो, तेव्हा गवतावर वर्तमानपत्रसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी मंडळी पांगली आणि ताडपत्री आवरायला मी एकटा उरलो. मी पाकळ्या झटकल्या, बाटल्यांतलं पाणी झाडाला घातलं आणि घडी घालायला बसलो. माझ्या हाताला कधी नीट घडी जमलेली नाही. पण त्या ताडपत्रीला पहाटेच्या खुणा होत्या. ती आपणहून त्यांच्यावरच दुमडत गेली आणि बरोबर तेवढी होऊन थांबली.

मी बूट काढले आणि तिच्यावर बसलो. शेजारी एका माणसाची जागा उरली. फांदी नाकाशी आली होती. हातभर अंतरावरून एका फुलाच्या पाचही पाकळ्या मोजता येत होत्या.