गुर्दा कापायची सवय

काळू खाटकाने दिलेली पिशवी रत्नप्रभाने दोन बोटांत धरून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली आणि ती तडक शाळेच्या मागे जाऊन ओकली. टोकावड्यात सकाळीच कापलेल्या बोकडाचे दोन गुर्दे होते ते, चरबीत गुंडाळलेले. पिशवीच्या तळाला लालसर पाणी साचलं होतं आणि त्याला मुतारीचा वास येत होता. रत्नप्रभा गणिताची बाई. आईला मटणाच्या वासाने मळमळायचं म्हणून त्यांच्या मुरबाडच्या घरात रविवारीही अंड्यांपलीकडे काही शिजत नसे. लेकीने आईचं तेवढं अगदी तंतोतंत उचललं होतं.

मग हे लचांड तिच्या गळ्यात आलं कसं? तालुक्याचे अधिकारी आज दहावीचा विज्ञानाचा तास बघायला येणार होते. धडा वृक्काचा, म्हणजे आपल्या किडनीचा, आणि तो शिकवायचे भगीरथ सर. सर माळकरी. मांसाला हात लावणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मान्यही होतं. ते एवढ्यावर थांबले असते तरी रत्नप्रभाने काम अंगावर घेतलं असतं. पण काल चहा पिता पिता सर गोड हसून म्हणाले, "मॅडमना द्या की. तुमच्या लोकांना सवय असते ना याची."

मुख्याध्यापक कमळाकर सर कपात बिस्किट बुडवत होते. ते तुटून चहात पडलं, त्यांनी ते चमच्याने काढून खाल्लं आणि तास रत्नप्रभाच्या नावावर लिहून टाकला. रत्नप्रभाला खरी किळस आली ती तेव्हा, गुर्दे बघायच्याही आधी. ती बुद्धवाड्यातली पोर. 'तुमचे लोक' म्हणजे कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. नाही म्हणावं तर घाबरली म्हणणार, करून दाखवावं तर म्हणणार, बघा, मी सांगितलंच होतं. शेवटी तिने ठरवलं, पोरांना नीट शिकवायचं आणि त्यांच्यासमोर ओकायचं नाही. बाकी कोणाला काय बोलायचं ते बोलू दे.

तास सुरू झाला. अधिकारी मागच्या बाकावर बसले, भगीरथ सर नाकाला रुमाल लावून दाराशी उभे राहिले. ट्रे धरायला वर्गातली, आदिवासी वाडीवरची जानी आपणहून पुढे आली. रत्नप्रभा तोंडाने श्वास घेत चरबी सोलू लागली. थंड, चिकट चरबी नखांत जाऊन बसली. आतून काजूच्या आकाराचा तपकिरी गुर्दा निघाला. त्याच्या आतल्या अंगाला खाच होती आणि खाचेतून तीन नळ्या बाहेर आल्या होत्या.

पोरं निळी नळी शोधू लागली. तक्त्यावर धमनी लाल आणि शीर निळी, सरांनी अकरा वर्षं तोच तक्ता दाखवला होता. ते रंग छापखान्यातले, असं रत्नप्रभाने सांगितलं आणि एकेकाला हात लावून बघायला लावलं. सगळ्यांत पुढची, रुंद आणि पातळ ती शीर. रक्त निघून गेलं की ती चपटी पडते. हिच्यात काळपट गुठळी अडकली होती. धमनी बारीक, पांढुरकी, जाड भिंतीची. कापली तरी तिचं तोंड गोल उघडं राहतं. सगळ्यांच्या मागे मूत्रवाहिनी. माणसातही बहुधा हाच क्रम असतो. मग तिने धमनीत सिरिंजने लाल शाई दाबली आणि गुर्दा उभा चिरला. कडेच्या भागात शाईचे बारीक ठिपके उमटले होते. तिथे केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ रक्त गाळतात, माणसाच्या एका वृक्कात असे दहा लाखांच्या आसपास. ती हे सांगत असतानाच मधल्या पोकळीत उरलेलं मूत्र तिच्या मनगटावर ओघळलं. शी! घशाशी आलेलं तिने तसंच गिळलं.

अधिकारी खूश झाले. विषय तुमचा ना, मग मॅडमनी कसा घेतला, असं त्यांनी भगीरथ सरांना विचारलं.

"मॅडमना सवय आहे हो," सर हसत म्हणाले.

कुठल्याशा बाकावरून खुसखुस ऐकू आली. जानीने ट्रेवरचा एक हात काढला, स्कर्टला पुसला आणि पाठीमागे लपवला. रत्नप्रभाने ते पाहिलं आणि तिला त्या माणसाची शिसारी आली.

"साहेब, मला सवय नाही," ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा हात लावला. सकाळी मागे जाऊन ओकून आले. शिकवायचं होतं म्हणून केलं." मग ती भगीरथ सरांकडे वळली. "तुमची माळ आहे, हात लावू नका. हा दुसरा गुर्दा मी सोलून देते. पट्टीने नुसती धमनी दाखवा."

तिने दुसरा गुर्दा सोलून ट्रेमध्ये ठेवला. अधिकारी बघत होते, त्यामुळे सरांना यावंच लागलं. रुमाल न काढता त्यांनी लांबूनच पट्टीचं टोक सगळ्यांत रुंद नळीवर टेकवलं. जानीचा हात पाठीमागून पुढे आला आणि तिने बारीक नळीच्या गोल तोंडावर बोट ठेवलं. चेष्टा नव्हती तिच्या बोलण्यात, धाकट्या भावाला समजवावं तसं ती सांगत होती.

"सर, ती नाय. ती शीर हाय. धमनी ही. तुमी कदी हात नाय लावला, म्हून कळत नाय."